मिरचीत लोळलेला कोंबडा

डिसेंबर लागला की धुळ्यात थंडी उतरते आणि मला शिंका सुरू होतात. मुलगा म्हणतो, ॲलर्जी आहे, तपासून घे. मी घेत नाही. याच दिवसांत आमच्या देवपुरातल्या गल्लीत मिरचीची हातगाडी येते. गाडीवाला "दोंडाईचानी मिरची, दोंडाईचानी" अशी हाळी देतो. खरोखरच तिथली असते की नाही कोण जाणे, पण मी दारात जाते, मूठभर मिरची उचलते, नाकाशी नेते आणि शिंकते. गाडीवाला आता ओळखून आहे, हसून मान फिरवतो. मला मात्र त्या शिंकेसरशी एक कोंबडा दिसतो. गुलाबी. उन्हात उभा, मान ताठ, एक पाय पोटाशी घेतलेला. आपल्यामुळे घरात काय गोंधळ उडालाय याची त्याला गंधवार्ता नाही.

आम्ही तेव्हा दोंडाईच्याला राहायचो, स्टेशनाला लागून असलेल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, तिथे पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे, झेंडी दाखवायचे. दोन खोल्या, मागे परसदार, परसदाराला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे मिरचीच्या पथाऱ्या. पथारी म्हणजे मोकळ्या चोपलेल्या जमिनीवर वाळत घातलेली मिरची. नजर पोचेल तिथवर लाल जमीन. सकाळी धुकं असायचं तेव्हा तो लाल रंग आधी दिसायचा नाही, नुसता वास यायचा. मग ऊन वर आलं की धुक्याखालून हळूहळू लाल रंग उगवायचा. मला कितीतरी दिवस वाटायचं की सगळ्याच गावांत हिवाळा लाल असतो. पुढे लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा पहिला हिवाळा फार फिका वाटला.

गावाला त्या दिवसांत शिंकांचं काही वाटायचं नाही. शाळेत गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिंकायचे, गाडीतून उतरणारे परगावचे लोक फलाटावर पाय ठेवताच शिंकायचे आणि हमाल त्यांना हसायचे. बायका पथारीवर ओळीनं बसून मिरचीचे देठ खुडायच्या. तोंडाला फडकी बांधलेली, नुसते डोळे दिसायचे, पण त्या डोळ्यांवरूनही कोण कुणाची टिंगल करतंय ते कळायचं. दुपारी त्यांच्या भाकरीच्या फडक्यांतून भरिताचा वास निघायचा. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलं वांगं, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. त्या वासात आणि मिरचीच्या वासात दिवसभर ओढाताण चालायची.

त्या बायकांत आमची अक्का असायची. अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण. तिला बोदवडकडच्या एका गावात दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली, आणि एके दिवशी अक्का एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात झाकणाची टोपली घेऊन भुसावळला गाडी बदलून आमच्याकडे आली. टोपलीत एक काळी कोंबडी होती. आई सांगते, आल्या आल्या अक्कानं आधी कोंबडीला पाणी पाजलं आणि मग स्वतः प्यायली. मी तेव्हा फार लहान होते. मला अक्का आली हे आठवत नाही, ती होतीच असं आठवतं. तिच्या बोलण्यात मात्र तिकडचे हेल राहिले होते. अधूनमधून आमच्या अहिराणीतल्या "माले" ऐवजी "मले" म्हणायची आणि नाना तिला चिडवायचे, "उनी देख, बोदवडनी पाहुनी!" ती हसायची. आता मला वाटतं, पाहुणी या शब्दाला तिनं हसायला नको होतं. पण हसण्यावाचून तिनं तरी दुसरं काय करावं?

त्या काळ्या कोंबडीचा पुढे मोठा संसार झाला. परसदारात तांबड्या, करड्या, ठिपकेवाल्या कोंबड्या हिंडायला लागल्या, आणि त्यांत एक पांढराशुभ्र कोंबडा. काळी स्वतः म्हातारी झाली, अंडी द्यायची थांबली, तरी अक्का तिला आपल्या हातानं दाणे भरवायची. एकदा कुणीतरी शेजारीण म्हणाली, "ही काळी आते काय कामनी? खावाले घाल अन् देखत बस." अक्का दाणे भरवत राहिली. मीही तेव्हा पोरपणी हसले असेन. मूल झालं नाही म्हणून माघारी धाडलेल्या बाईसमोर असं बोलायला माणसाची जीभ किती सैल असावी लागते.

मी सहावीत होते त्या हिवाळ्यात कोंबड्यांनी कुंपण ओलांडलं. पथारीत शिरल्या, मिरच्या उकरल्या, फोडल्या, बिया टिपल्या. पक्ष्याला मिरची तिखट लागत नाही, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पथारीचे मालक आप्पा आमच्या दारात आले. भांडले नाहीत, तेच वाईट झालं. "नाना, आपला इतल्या सालना शेजार," एवढंच म्हणाले आणि गेले. भांडले असते तर नाना अक्काच्या बाजूनं उभे राहिले असते. चांगुलपणापुढे मात्र त्यांचा नेहमी पराभव व्हायचा. ते परसदारी गेले आणि म्हणाले, "अक्का, आते बठ्ठ्या कोंबड्या काढ. येत्या बजारात दी टाक." बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या.

अक्का देठ खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "दवाखानाना मानूस उना व्हता, कोंबड्यास्ले मानमोडीनी लस टोचाले. त्यानी सांगं, पांढरा कोंबडा प्रदर्शनमां ठेवासारखा शे."

शिरपूरला हिवाळ्यात जनावरांचं प्रदर्शन भरायचं. बैल, गाई, बोकड, आणि एका बाजूला कोंबड्यांचे पिंजरे. नाना हसले. त्यांच्या हसण्यात राग असायचा तेव्हा ते नाकातून हसायचे. म्हणाले, "मंग ठेव ना. नंबर उना तं बठ्ठ्या ऱ्हातीन. नही उना तं बजार."

"बरं," अक्का म्हणाली.

ती सगळ्यालाच बरं म्हणायची. आई सांगते, सासरीही तिनं शेवटी एवढंच म्हटलं होतं. पण त्या दिवशी तिच्या हातातल्या मिरचीचा देठ निघता निघेना, हे मी पाहिलं. कोंबड्या म्हणजे त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. खाट आमची, भांडी आमची, छप्पर रेल्वेचं. परसदारातली ती फडफड तेवढी तिची होती, आणि ती गेली तर अक्का आमच्याकडे नेमकी कोण म्हणून राहणार, हा प्रश्न तिनं कधी बोलून दाखवला नाही. आईला तो कळला होता. त्या रात्री भाकरी वाढताना आईनं नानांना दूध वाढलं नाही. आईची भांडणं अशी असायची.

मग सुरू झाली ती संध्याकाळची परीक्षा. आजही डोळे मिटले की ते परसदार दिसतं. ऊन कलतंय, पथारीवरच्या बायका फडकी झटकत घरी निघाल्यात, सुरतेकडची पॅसेंजर शिट्टी देऊन गेलीय, आणि अक्का पाटावर बसून एकेका कोंबडीला मांडीवर घेतेय. दवाखान्यातल्या माणसानं तिला सांगून ठेवलं होतं, परीक्षक काय काय पाहतात. तुरा उभा हवा, एकीकडे झुकलेला चालत नाही. पायाची बोटं सरळ. छातीचं हाड वाकडं नको. पिसांत परक्या रंगाचं पीस नको. डोळा पाणीदार. आणि परक्या माणसानं उचललं तर पक्ष्यानं आकांत करू नये. अक्का बोटांनी छातीचं हाड चाचपायची, डोळे मिटून. जणू काहीतरी ऐकतेय.

पांढरा ठरलेलाच होता, तरी ती सगळ्यांना तपासायची. "यास्ले बी बरं वाटाले पाहिजे ना," म्हणायची. फक्त म्हाताऱ्या काळीला ती कधी मांडीवर घेऊन तपासत नसे. काळी शेजारी येऊन नुसती बसायची.

पुढे मला दाखवायचे कार्यक्रम झाले तेव्हा ही परीक्षा हटकून आठवायची. चालून दाखव, वाचून दाखव, हात पुढे कर. एकदा पाहुणे गेल्यावर अक्का माझ्या कानात पुटपुटली, "छातीनं हाड देखानं ऱ्हाई गयं त्यास्नं." आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो. ते स्थळ जमलं नाही. बरंच झालं.

पांढऱ्याचा तुरा मात्र फिका होता. अक्काकडे त्यावर उपाय होता. मिरचीचं बी. पथारी झाडली की खाली बियांचा सडा उरतो, तो गोळा करून ती बाजरीत मिसळायची. आमच्याकडे सगळेच असं करतात, अंड्याचा बलक शेंदरी होतो म्हणून. पंधरवड्यात पांढऱ्याचा तुरा असा रसरशीत झाला की त्याला ठेवला होता त्या पिंजऱ्याच्या जाळीतून बघणारे लोक थांबायला लागले.

आणि नाना? नाना पहिले काही दिवस ओट्यावर पाठ करून बसायचे. मग अर्धी पाठ. एके संध्याकाळी ड्युटीवरून आले ते खाकी कोट न उतरवताच परसदारी गेले आणि म्हणाले, "परका मानूस कोन शे आपला घरमां? त्याले सवय कशी व्हई? मी व्हस परीक्षक." त्यांनी लाल आणि हिरवी झेंडी काखेत मारली, घसा खाकरला आणि पिंजऱ्याजवळ गेले. पांढऱ्यानं त्यांच्या अंगठ्यावर अशी चोच मारली की परीक्षक दोन उड्या मागे. अक्का हसली. मोकळी, दात दिसतील अशी. मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिल्याचं आठवत नाही.

तिथून नाना रोज परीक्षक व्हायचे. कोट घालून यायचे, दोन्ही हातांनी पांढऱ्याला उचलायचे, पिसांवर फुंकर घालून आतली कातडी बघायचे, "हं" म्हणायचे, आणि खाली ठेवायचे. हळूहळू पांढरा त्यांच्या हातात डोळे मिटायला लागला. नाना स्टेशनवरही कोंबड्यांबद्दल बोलतात अशी बातमी आली. बाजाराचा विषय घरात निघेना, पण शब्द तसाच होता. नानांचा शब्द म्हणजे गाडीसाठी एकदा खाली पाडलेला सिग्नल. पाडणारे ते स्वतः असले तरी नियमाशिवाय वर कसा करणार? असे ते होते, माझे नाना.

त्या दिवसांची आठवण काढायला बसलं की तारखा हाती लागत नाहीत, फक्त प्रकाश आठवतो. कलत्या उन्हाचा, धुळीतून आलेला, थोडा तिखट. त्या प्रकाशात दोन म्हातारी व्हायला लागलेली भावंडं एका कोंबड्यावर वाकलेली. लहानपणी ती दोघं अशीच कशावर तरी वाकून बसत असतील, भोवऱ्यावर, नाहीतर मुंग्यांच्या रांगेवर. मधली सगळी वर्षं त्या परसदारात पुसली जात होती. मला तेव्हा हे कळत नव्हतं, मला फक्त तिथून उठावंसं वाटायचं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अक्कानं पांढऱ्याला न्हाऊ घातलं. रिठ्याचं कोमट पाणी, मग साधं पाणी, मग पिसांना चकाकी यावी म्हणून तेलाचा हात. पांढरा असा उजळला की बघवेना. आता त्याला कोरड्या, स्वच्छ जागी उन्हात ठेवायचं होतं, आणि परसदारात सगळा चिखल झालेला. नानाच आप्पांकडे गेले. आप्पांनी त्याच आठवड्यात एका पथारीची मिरची पोत्यांत भरून हलवली होती, जमीन दोनदा झाडून घेतली होती. आरशासारखी जमीन. आप्पा आनंदानं म्हणाले, "ठेवा ना, आपलाच कोंबडा शे." नानांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्याचा पाय सुतळीनं खुंटीला बांधला आणि आम्ही सगळे चहा प्यायला आत आलो.

बाहेरगावच्या कुठल्याही शहाण्या माणसानं ही चूक केली नसती. पण आम्हाला मिरचीची धूळ ही धूळ वाटतच नव्हती. आम्ही तीच श्वासात घेत होतो, तिच्यातच निजत होतो. न्हालेला पक्षी पहिली गोष्ट काय करतो? जमीन उकरून मातीत लोळतो. चहा संपवून आम्ही बाहेर आलो तेव्हा पांढरा खड्डा करून त्यात मनसोक्त घुसळून उठला होता. पंख झाडत होता. भोवती लाल ढग, आणि ढगात गुलाबी कोंबडा.

सगळे एकदम बोलायला लागले. पुन्हा रिठा, पुन्हा पाणी. तेल लावलेल्या पिसांनी रंग असा धरून ठेवला होता की धुतल्यानं तो फक्त सगळीकडे सारखा पसरला. अक्का थंड पाण्यात हात घालून बसली होती, आणि हात चुरचुरत असूनही बाहेर काढत नव्हती. "ऱ्हाऊ दे भाऊ," ती म्हणाली, "नही जावो आपन." नाना म्हणाले, "काबरं नही? हाडं तं पांढरीच शेत ना त्यानी!"

शिरपूरची पहिली बस अर्धी रिकामी होती. अक्काच्या मांडीवर झाकणाची टोपली, शेजारी नाना कोटात, पुढच्या बाकावर मी. बस हलली, टोपलीत पंख फडफडले आणि पाठोपाठ सगळी बस शिंकायला लागली. कंडक्टर शिंकत शिंकत मागे आला आणि म्हणाला, "काय लई जाई ऱ्हायनात मावशी, मसाला का?" तापीच्या पुलावर धुकं होतं. खाली नदी आहे हे फक्त गारव्यानं कळत होतं.

प्रदर्शनातलं मला फार थोडं आठवतं. शिंगांना रंग दिलेले बैल, मांडवाची पिवळी कनात, उसाच्या चिपाडांचा गोड वास. सातपुड्यातून आलेल्या एका बाईची कोंबडी होती, पिसं काळी, तुरा काळा, पायही काळे. परीक्षकांनी तिची चोच उघडली तर जीभसुद्धा काळी. मी बघतच राहिले.

परीक्षक डॉक्टर होते जनावरांचे, मऊ आवाजाचे. ते आमच्या पिंजऱ्यापाशी आले आणि थबकले. पांढऱ्याला उचललं. त्यानं सवयीनं डोळे मिटले. डॉक्टरांनी छाती चाचपली, बोटं पाहिली, तुऱ्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उजळत गेला, आणि अक्काचाही. मग त्यांनी पिसांवर फुंकर घातली.

किती शिंकले ते! चष्मा काढून, डोळे पुसून त्यांनी विचारलं तेव्हा अक्कानं सगळं खरं खरं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, पक्षी उत्तम आहे. पण रंगवलेला पक्षी स्पर्धेत धरता येत नाही, तो चुकून रंगला असला तरी. आज तुमचा धरला तर उद्या कुणी मुद्दाम रंगवून आणेल." त्यांचं चूक नव्हतं. नाना मात्र पुढे झाले. आवाज चढवून म्हणाले, "साहेब, परत एकदा देखा. तुरा देखा. हाड देखा. म्या रोज देखेल शे, त्याच्यात खोट नाही." रुळांवरून गाडी नेमक्या वेळी जाऊ देणारा, कधी कुणाशी हुज्जत न घालणारा माणूस एका कोंबड्यासाठी लोकांसमोर भांडत होता. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पिंजऱ्याकडे गेले.

अक्कानं पांढऱ्याला टोपलीत घातलं, झाकण बांधलं. शांतपणे म्हणाली, "चाल भाऊ. परवा बजार शे. बठ्ठ्या दी टाकसू."

"काही गरज नही," नाना म्हणाले. "ऱ्हाऊ दे. नंबर गया उडत. आप्पाकडना कुंपनले मी जाळी लावस."

अक्का बरंसुद्धा म्हणाली नाही. आम्ही बसमध्ये बसलो. शिरपूर मागे पडलं, कापसाची शेतं सुरू झाली, वेचणीच्या बायका कमरेला ओट्या बांधून उभ्या होत्या. नानांना वाटलं असावं, विषय संपला. ते डुलक्या घ्यायच्या बेतात होते. तेव्हा अक्का समोर बघतच म्हणाली, "भाऊ, कोंबडानी परीक्षा तं व्हई गई. मनी परीक्षा आजून चालू शे का?"

नाना जागे झाले. मी पुढच्या बाकावर मान वळवू की नको अशी बसले होते.

"तुनी कधीच नव्हती, अक्का," नाना म्हणाले.

"मंग इतलं सांगाले शिरपूरले आनं का माले?"

पूल आला. धुकं गेलं होतं आणि खाली तापी लख्ख दिसत होती, वाळूच्या मधून वळलेली. "चुकी गयं मनं," नाना म्हणाले. माझ्या आठवणीत नाना कुणाला असं म्हणालेले नाहीत, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

"हं," अक्का म्हणाली. "मंग आते धर हाई टोपली. मना हात दुखी गया."

नानांनी टोपली मांडीवर घेतली. दोंडाईचा येईपर्यंत ते शिंकत राहिले, आणि अक्का खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.